बुजवलेलं करडू

करडाच्या कुंपणात तोंड उघडायचं नाही, हा नियम जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी दोघी जावांना सांगितला, तेव्हा सगळे धाकटीकडे बघून हसले होते.

हसण्यासारखंच होतं. धाकटी भांडी घासताना भांड्यांशी बोलायची आणि भांडी संपली की नळाशी. तिचा नवरा म्हणायचा, गस्तीवर मला एवढं शांत वाटतं ते काही जंगलामुळे नाही, घर मागे राहतं म्हणून. थोरलीकडे मात्र कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. तिला वेगळं काय सांगायचं होतं? ती मुळातच इतकं हळू बोलायची, की समोरच्याला "काय म्हणालात?" असं एकदा तरी विचारावं लागे. राखीव जंगलाचे अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, ते म्हणाले की मोठ्या बाईंची चिंताच नाही, धाकट्या बाईंनी मात्र आत जाताना तोंडात काहीतरी धरून ठेवावं.

जंगल तसं लहान. एकच डोंगर, त्याचा एक उभा कडा, पायथ्याशी नाका, नाक्यामागे कर्मचाऱ्यांची दोन घरं. दोन सख्खे भाऊ तिथे वनरक्षक होते आणि त्यांच्या बायका या दोघी जावा. डोंगरात बिबट्या होता, साळिंदरं होती, कड्याच्या कपारीत गरुडाचं घरटं होतं. पण जंगल राखलं होतं ते रानशेळ्यांसाठी. आसपासच्या सगळ्या डोंगरांवरून त्या संपल्या होत्या. इथल्या कड्यावर तेवढा एक कळप उरला होता, आणि तो उरला होता तो भित्रा म्हणून. माणसाचा आवाज आला की त्या शेळ्या सरळ भिंतीसारख्या कड्यावर चढून जात, जिथे ना कुत्रं पोचत ना बंदूकवाला. त्यांच्या जिवाला ती भीती हेच एक कुलूप होतं.

त्या वर्षी दरड कोसळली आणि एक शेळी तिच्याखाली गेली. तिचं करडू दोघा भावांनी पोत्यात घालून खाली आणलं. ओलं, थरथरणारं, पोत्याच्या धाग्यांत पाय अडकलेलं. डॉक्टरांनी त्याच्यासाठी नाक्यापासून दूर, चढावर, दगडी गोठ्याशेजारी कुंपण घालून घेतलं आणि नियम सांगितले. अंगावर गोणपाटाचा पायघोळ झगा घालायचा, डोक्यावर त्याचंच टोपडं, म्हणजे माणसाचा आकार दिसणार नाही. झगा शेळ्यांच्या लेंड्यांत मुरवलेला, म्हणजे माणसाचा वास येणार नाही. दूध पाजायचं तेही फळीला पाडलेल्या भोकातून बाटली सरकवून. बोलायचं नाही, हाक मारायची नाही, गाणं म्हणायचं नाही, नाव ठेवायचं नाही.

"जीव लावू नका असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "त्याला कळेल असा लावू नका."

नाव ठेवायचं नाही म्हटल्यावर धाकटीने कुंपणाबाहेर त्याचं नाव लाडसाहेब ठेवून टाकलं. पण आत ती तोंडाला टाळं लावून जायची आणि बाहेर आल्यावर झगा उतरवता उतरवता तुंबलेलं सगळं एका दमात बोलून मोकळी व्हायची.

करडू दूध घेईना. बाटलीचं रबर तोंडात गेलं की मान फिरवायचं, दूध हनुवटीवरून गळून जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी त्याच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली. ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी कमी झालंय, संध्याकाळपर्यंत घेतलं तर घेतलं, असं ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

थोरली तेव्हा उपाशी होती. तिचा नेम होता. लग्नानंतर सासूबाईंनी घालून दिलेला, आणि त्या गेल्यावरही तिने कधी मोडलेला नाही असा. रोज ठरलेल्या माळा देवाचं नाव घेतल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. आजारपणात नाही, बाळंतपणात नाही. त्या दिवशी पहाटेपासून करडाची धावपळ, माळा राहून गेल्या होत्या. फळीमागे बाटली धरून ती बसली, भोकापलीकडे ते लहानसं डोकं कलंडलेलं, आणि तिच्या ओठांतल्या ओठांत नाव सुरू झालं. तिने सुरू केलं असंही नाही. ते आपणहून वर आलं, उकळत्या पाण्यावर वाफ यावी तसं. आधी नुसता श्वास, मग श्वासाला बारीक सूर.

करडाने कान फिरवला. मग रबर ओढलं. मग जोरात ओढलं, इतकं की बाटली तिच्या हातात हिसकली.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी तिला नावाजलं. मोठ्या बाईंच्या हाताला यश आहे, साहेब म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? ती म्हणाली, काही नाही, धरून बसले. हे खरंच होतं असं तिला तेव्हा वाटलं. बोलायचं नाही, हाक मारायची नाही, गाणं म्हणायचं नाही. यातलं तिने काहीच केलं नव्हतं. देवाचं नाव घेणं म्हणजे काही बोलणं नाही. ते माणसाचं माणसाशी नसतंच. आणि देवाने तोंडात घातलेल्या नावाने एक जीव वाचला असेल, तर त्यात नियम कुठे आडवा येतो?

मग ते रोजचंच झालं. सकाळ-संध्याकाळचं पाजणं थोरलीकडे, दुपारचं धाकटीकडे. दुपारी करडू अर्धी बाटली टाकायचं, सकाळ-संध्याकाळ मात्र चाटूनपुसून. "माझ्या हाताला विटाळ आहे जणू," धाकटी कुरकुरायची. "तुमच्याकडे बघा कसं शहाण्यासारखं पितं." थोरली हसून मान खाली घालायची. तिचा नेम आता करडाशीच पुरा होत असे. फळीमागे बसायचं, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात झग्याच्या बाहीत लपलेली माळ. बाटली संपली तरी माळ चालूच राहायची, आणि फळीपलीकडे करडू पाय दुमडून, हनुवटी लाकडाला टेकवून पडायचं. एवढ्या निर्मळ मनाने तिने नाव आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. हे सुख देवानेच दिलं आहे असं तिने धरलं आणि म्हणूनच ते कुणाला सांगितलं नाही. सुखाचं बोलू नये, दृष्ट लागते. असं ती स्वतःला सांगायची. आतून दुसरं काहीतरी तिला ठाऊक होतं. नाहीतर कुणाच्या पावलांचा आवाज आला की तिचे ओठ का मिटले असते?

करडू मोठं झालं, दूध सुटलं, शिंगांच्या जागी बोटभर गाठी आल्या. कुंपण वाढवून कड्याचा एक तुकडा आत घेतला, तशी ते सारा दिवस दगडांवर उभं राहू लागलं. थोरली पाला आणि मीठ ठेवायला जायची, तेव्हा ते वरून धावत खाली यायचं. डॉक्टरांना वाटायचं, पाल्यासाठी.

सोडायच्या आधी बुजण्याची परीक्षा झाली. दोघे भाऊ आणि नाक्यावरची आणखी माणसं कुंपणाच्या कडेने मोठमोठ्याने बोलत, हसत, काठ्या आपटत गेली. करडू क्षणात सगळ्यात वरच्या दगडावर. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. डॉक्टर खूश झाले. पुढच्या आठवड्यात कळप कड्याच्या या अंगाला उतरेल, तेव्हा दार उघडू, असं ठरलं.

थोरलीही तिथे उभी होती. सगळे पुरुष, सगळे मोठ्याने. तिच्या मनात आलं, एकदा आपणही कडेने चालून बघावं. पाऊल उचललंसुद्धा. मग वाटलं, पास झालेल्याची कशाला पुन्हा परीक्षा.

दोन दिवसांनी एक बाई वाट चुकून वर आली. पाटी लावलेली होती, पण तिच्या कडेवर तान्हं मूल रडत होतं आणि ती सावली शोधत चढत गेली असावी. कुंपणाला टेकून ती मुलाला थोपटत होती. गाणं असं नव्हतंच, नुसतं ओठ मिटून लांबवलेलं हुं-हुं. डॉक्टर समोरच्या उतारावरून दुर्बिणीने कळप बघत होते. त्यांनी दुर्बीण सहज इकडे वळवली, तर करडू वरच्या दगडावरून उतरत होतं. थांबत, कान पुढे करून, पण उतरत होतं. डॉक्टर धावत खाली येईपर्यंत करडाने जाळीला नाक लावलं होतं आणि ती बाई कौतुकाने पिशवीतून बिस्किटांचा पुडा फोडत होती.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट झालं. असं जनावर कड्यावर सोडणं म्हणजे मारायला सोडणं, ते म्हणाले. खाली कुत्री आहेत, बंदूकवाले आहेत आणि बिस्किटवाले तर त्यांच्याहून वाईट. आता ते शहरातल्या प्राणिसंग्रहालयात जाईल. तिथे सिमेंटचा खडक असतो, त्यावर उभं राहील. जे झालं ते झालं, फक्त यापुढे कुणावर किती विसंबायचं ते मला कळायला हवं. एवढं बोलून त्यांनी धाकटीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

धाकटी आधी हसली. कुणी गंमत करतंय असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, मी नाही बोलले. मग तिच्या नवऱ्याने खाली बघितलं, तशी तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, मला कुंपणापाशी उभं करा, माझ्या आवाजाला ते येतं का बघा. साहेबांनी मान हलवली. आधीच झालंय ते पुरे, आणखी आवाज त्याच्या कानावर घालायचा नाही.

थोरली दाराशी उभी होती. तिच्या पदराआड माळ होती आणि मण्यावर अंगठा एकाच जागी थांबला होता. बोलायला आत्ताच हवं होतं. तिने तोंड उघडलंही. मग डोळ्यांसमोर आलं ते असं, की साहेब आता तिच्याकडे बघतील, जसे धाकटीकडे बघत आहेत तसे. मोठ्या बाईंची चिंताच नाही म्हणणारे साहेब. तिने तोंड मिटलं. इतकं हळू मिटलं, की कुणाला कळलंही नाही.

घरी धाकटी भांडी घेऊन नळाशी बसली आणि बोलेना. नुसता घासण्याचा आवाज. थोरली विसळायला शेजारी बसली. पुष्कळ वेळाने धाकटी म्हणाली की आता तिलाच शंका यायला लागलीय. बडबडी बाई, सवयीचं तोंड. नकळत निसटलं असेल काहीतरी. एकदा ठेच लागली होती आत, तेव्हा 'आई गं' म्हटलं असेल. म्हटलंच असेल.

"जाऊबाई," ती मध्येच हात थांबवून म्हणाली, "झाडलोटीला आपण दोघी आत असायचो. तुम्ही कधी ऐकलंत का मला बोलताना? खरं सांगा. मला राग नाही यायचा."

"नाही," थोरली म्हणाली.

"मग साहेबांना सांगाल एवढं? तुमचा शब्द ते मानतात."

थोरलीने मान डोलावली. हातातलं भांडं तिने तीनदा विसळलं. धाकटीने डोळे पुसले, हसली आणि पुन्हा बोलायला लागली. लाडसाहेबांना शहरात भेटायला जाता येईल का, तिकीट पडेल का, ओळख ठेवतील का. थोरलीला ते बोलणं ऐकवेना.

सकाळी ती नेमाला बसली. पहिल्याच मण्याला तिला आपला आवाज ऐकू आला. इतकी वर्षं तो तिने ऐकलाच नव्हता. तो देवाला ऐकू जातो एवढंच तिला माहीत होतं. बारीक, खालच्या पट्टीतला, ओठ मिटून लांबवलेला. डॉक्टरांनी ऑफिसात सांगितलेला त्या मुलाच्या आईचा सूर असाच होता. जगातल्या कुठल्याही आईचा असतो तसा. वरच्या कुंपणात या वेळी कान टवकारले गेले असतील. देवासमोर बसून आपण धाकटीच्या डोक्यावर आपलं पाप ठेवलंय आणि त्याच तोंडाने नाव घेतोय, हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की माळ तशीच खाली ठेवून ती उठली. नेम मोडला. तो पहिल्यांदाच मोडला होता, पण त्या दिवशी ते तिला फार मोठं वाटलं नाही.

डॉक्टर कुंपणापाशीच होते. तिने झगा घातला नव्हता. साध्या कपड्यांत, उघड्या चेहऱ्याने तिला तिथे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"धाकटी नाही बोलली," ती म्हणाली. "मी नाव घेत होते. पहिल्या बाटलीपासून."

त्यांना कळायला वेळ लागला. कुणाचं नाव, असं त्यांनी विचारलं. देवाचं, ती म्हणाली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त म्हटलं, घ्या बघू आता. तिने जाळीकडे बघत सुरुवात केली. दुसऱ्यांदा नाव पुरं व्हायच्या आत करडू दगडावरून खाली आलं, तिच्या समोर पाय दुमडून बसलं आणि हनुवटी जाळीच्या खालच्या लाकडी पट्टीवर टेकवली.

डॉक्टर हळूहळू, स्वतःशीच हिशोब जुळवावा तसे बोलू लागले. पुरुषांच्या आवाजाला ते बुजतं. मोठ्या आवाजाला बुजतं. म्हणजे त्याची भीती शाबूत आहे, तिला एवढी एक फट पडलीय. ती बुजवता आली तर. कळप उतरेपर्यंत वेळ आहे. नाही जमलं तर शहर आहेच.

"कशी बुजवायची?" तिने विचारलं.

"या आवाजाची त्याला भीती बसली पाहिजे. तुमच्या आवाजाची. हेच शब्द, हाच सूर."

"देवाच्या नावाची?"

डॉक्टर खाली बघून म्हणाले, "दुसरं काही म्हणून चालणार नाही, बाई. त्याला तेवढंच ओळखीचं आहे."

साहेबांना तिने स्वतः सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला, आणि नंतर ते धाकटीच्या घरी जाऊन दारातूनच माफी मागून आले. धाकटीला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. ती ऐकून घेत होती आणि तिचे हात मांडीवर स्वस्थ होते. तिचे हात स्वस्थ असलेले थोरलीने कधी बघितले नव्हते.

"जन्मभर मी बोलले म्हणून बोलणी खाल्ली," शेवटी धाकटी म्हणाली. "न बोलता खाल्ली ती हीच. तीही तुमच्यापायी."

थोरलीने एवढंच सांगितलं की उद्या कुंपणापाशी डबे बडवायला माणूस हवं आहे, आणि आपली तिला विचारायची लायकी नाही. धाकटी उठून आत गेली. सकाळी मात्र ती पत्र्याचा मोठा डबा आणि लाटणं घेऊन थोरलीच्या आधी वर पोचलेली होती. बोलली नाही.

ठरलं ते असं. थोरली जाळीजवळ उभी राहून नाव घेणार. करडू जवळ आलं की दगडामागून धाकटी डबा बडवणार, भाऊ ओरडणार, खडी उधळणार. तिने सुरू केलं. करडू आलं. डबा वाजला. करडू दचकलं, चारही पाय हवेत, मागे वळलं आणि थांबलं. मग सरळ थोरलीकडे धावत आलं. जाळीला अंग घासत, तिच्या पायांजवळ जागा शोधत, थरथरत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जेवढा आवाज मोठा, तेवढं ते तिला चिकटत होतं. जगात भीती आहे आणि तिच्यापासून लपायची जागा ही आहे, असंच ते शिकत होतं.

डॉक्टरांनी हात वर करून सगळं थांबवलं. थोरलीला त्यांनी काही सांगायच्या आधीच कळलं. धाकटीलाही कळलं असावं, कारण तिने डबा खाली ठेवला.

खडीचा ढीग वाटेच्या कडेला होता. थोरली गेली आणि पदरात भरून घेऊन आली. जाळीचं दार उघडून आत गेली. करडू तिच्या मागे मागे. ती वळली. तिने नाव सुरू केलं, त्याच सुरात, एकही अक्षर न चुकवता, आणि मूठभर खडी त्याच्या अंगावर फेकली.

पहिली मूठ भलतीकडेच गेली. करडाला वाटलं, मीठ. त्याने जमीन हुंगली. दुसरी मूठ त्याच्या खांद्यावर बसली. ते जागच्या जागी उभं राहिलं आणि तिच्याकडे बघू लागलं. ते बुजलं नव्हतं. त्याला काही कळलं नव्हतं, इतकंच. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण सूर तिने हलू दिला नाही; हलला असता तर सगळं फुकट होतं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. तिने तिसरी मूठ मारली, जोरात, नाव घेत. ती नाकावर लागली. करडाने शिंक दिल्यासारखा आवाज काढला, एक उडी मागे, दुसरी दगडावर, आणि मग वर, वर, सगळ्यात वर. तिथून त्याने खाली बघितलं. तिने नाव थांबवलं नाही. हात वर केला. ते दगडाआड गेलं.

ती बाहेर आली. धाकटीने तिला दंडाला धरून खाली बसवलं. पदराने तिच्या तळहातावरची खडीची भुकटी झटकली. "लागलं नाही त्याला फार," ती म्हणाली. कालपासूनचं तिचं ते पहिलंच बोलणं होतं.

रोज तेच चाललं. दुसऱ्या दिवशी ते निम्म्या वाटेपर्यंत आलं. नंतर नुसते कान फिरवायचं आणि थांबायचं. थोरली आत जायची, नाव घ्यायची, खडी मारायची. घरी येऊन ती देवासमोर बसायची, पण बोलणं व्हायचं नाही. क्षमा माग, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. कुणाची मागायची, तेच ठरेना. ज्याचं नाव घेऊन दगड मारला त्याची, की ज्याला मारला त्याची? त्या नावानेच तर करडाला वाचवलं होतं. ते मरू दिलं असतं तर नियम पाळला गेला असता, हेही तिच्या मनात यायचं, आणि मग वाटायचं, ही आपली पळवाट. नाव घेतलं ते वाचवायला एकदाच. नंतरचं सगळं आपल्या सुखासाठी होतं.

एका सकाळी तिने पहिला सूर लावला आणि वरच्या दगडावरून खडे घरंगळले. करडू दिसलंच नाही. डॉक्टरांनी तिला आणखी वेगवेगळ्या जागांवरून नाव घ्यायला लावलं, धाकटीलाही तसंच हुं-हुं करायला लावलं. दर वेळी खडे घरंगळले.

कळप उतरला त्या दिवशी दार उघडलं. करडू बराच वेळ उंबरठ्याशी उभं राहिलं, हवा हुंगत. मग कड्याच्या अंगाला लागलं. वर एका म्हाताऱ्या शेळीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. डॉक्टर म्हणाले, बाई, एकदा. शेवटचं. थोरलीने ओठ मिटून सूर लावला. करडाचा कान मागे फिरला, एकदा, जसा त्या पहिल्या संध्याकाळी फिरला होता. आणि मग ते असं पळालं, की सगळा कळपच त्याच्यामागे उधळला. दोघे भाऊ हसले, साहेब हसले. डॉक्टरांनी डोळ्यांवरची दुर्बीण लवकर खाली घेतली नाही.

खाली उतरताना ते तिला म्हणाले की जनावर विसरतं. भीतीही विसरतं. अधूनमधून त्याला आठवण दिलेली बरी.

म्हणून थोरलीचा नेम आता घरात होत नाही. रोज सकाळी उपाशीपोटी ती कड्याच्या पायथ्याशी जाते, एका हातात माळ, दुसऱ्या हातात खडी. पुष्कळदा धाकटीही सोबत असते. वाटभर तिची टकळी चालू असते. नवऱ्याचं, नळाचं, साहेबांच्या नव्या बुटांचं. शेवटच्या वळणाला मात्र ती आपणहून गप्प होते आणि मागे थांबते. त्या गप्प होण्यात अजून थोडा राग आहे. थोरलीला तो कळतो, आणि तो असावा असंच तिला वाटतं.

परवा ती उभी राहिली, नाव सुरू केलं आणि खडे वाजले नाहीत. वर बघितलं, तर कपारीच्या कडेला करडू उभं. आता करडू तरी कसलं. शिंगं वळायला लागली होती, मानेवर काळा पट्टा उतरला होता. ते खाली बघत होतं. तिचा सूर चालू होता आणि ते जागचं हलत नव्हतं. एक पाऊल त्याने खाली टाकलं.

थोरलीचा सगळा जीव त्या एका पावलाशी गेला. ये, असं तिच्या आत काहीतरी म्हणालं. ते इतकं मोठ्याने म्हणालं, की ओठांतून निसटलं की काय असं तिला वाटलं. मग तिने खडीचा हात उचलला आणि पूर्ण ताकदीने फेकला. खडी कड्याच्या निम्म्यापर्यंतही पोचली नाही. पण ते वळलं, आणि तिच्या अंगावर वरून दगडांचा चुरा पडत राहिला, बराच वेळ.

उरलेल्या माळा तिने तिथेच उभ्याने पुऱ्या केल्या. मग वळणावर आली. धाकटीने तिच्या केसांतला चुरा झटकला आणि विचारलं, पळालं ना? थोरलीने मान डोलावली, आणि दोघी जेवायला घरी गेल्या.